तुमच्यासाठी शाळा सुटली न्हाई, बाई

बाई, तुमच्यासाठी शाळा सुटली न्हाई. अर्धा दिवस बी न्हाई. मागल्या साली सोसायटीचं चेअरमन वारलं तवा पोरं दुपारीच घरी आल्ती, हेडमास्तरांनी चार शब्द बोलून समद्यास्नी दोन मिनटं उबं केलं हुतं. ते चेअरमन शाळंत कदी पाऊल टाकायचं न्हाईत. तुमी सात वरसं शिकवलं. तुमी आईकडं केडगावला गेलात, कावीळ झाली, नगरच्या दवाखान्यात न्हेलं आन् तितंच गेलात, ही बातमी आली तरी दुसऱ्या तासाची घंटा वेळंवर पडली म्हनं.

का पडली त्ये मला ठावं हाय. त्या शाळंत एक कागद लिवला गेलाय, त्येच्यावर माझी सही हाय, त्या कागदापायी तुमच्यावर ठपका हाय, आन् ठपका असलेल्या बाईसाठी शाळा सोडायची न्हाई असं ठरलंय. म्हून मी लिवतेय. तुमी मला संक्रांतीला दिल्ती त्याच वहीत लिवतेय, चाळीस पानी, ह्ये पयलं पान. माझी लेक चिमी मांडीवर निजलीय. आत्याबाई, माझ्या सासूबाई, टँकरच्या रांगंत गेल्यात, त्या येईस्तवर जेवडं हुईल तेवडं. खडी फोडून बोटं फुटल्यात, अक्षर वाकडं येतंय, रागावू नका.

कुठनं सुरू करू? आठवीपासनं करते. आमी पोरी अकरा हुतो, पोरं पन्नासच्या वर. दुसरे मास्तर वहीत मार्कं लिवायचे, तुमची लांब निळी वही हुती तिच्यात तुमी भलतंच लिवायच्या. कोन कुठल्या वस्तीवरनं येतंय, किती लांबनं, घरी दळन कोन दळतं, पानी कोन भरतं, कंदील किती, धाकटी भावंडं किती. आमाला हासू यायचं. तारा म्हनायची, "बाई सोयरीक जुळवत्यात गं आपली." तारा म्हंजी माझ्या बाकावरची, बौद्धवाड्यातली. शाळंच्या कागदात तिच्या नावापुढं जुनी जात लिवली हुती, तुमी ती तांबड्या शाईनं खोडून बौद्ध लिवलं, तवापासनं तारा तुमच्यासाठी कुनासंगं बी भांडायला तयार असायची. आन् मी? मी कुनासंगंच भांडले न्हाई कदी. त्येच तर झालं बाई.

हेडमास्तर म्हनायचे, पोरी आन् वस्तीवरची पोरं शाळंचा निकाल खाली वढत्यात. त्यांच्या खोलीबाहीर त्यो फळा हाय ना, मॅट्रिकला पयला आलेल्याचं नाव पांढऱ्या रंगानं लिवायचे, त्येच्यावर पोरीचं नाव एक बी न्हाई. तुमी एकदा आमच्यासमोरच म्हनलात, "सर, नापास झालेल्यांची नावंही लावा की शेजारी. आणि ती कुठून चालत येतात तेही लिहा."

हेडमास्तर म्हनले, "बाई, ही शाळा हाय का तहसील कचेरी?"

तुमी हासलात, पर तोंड लाल झालं हुतं तुमचं. मग मला ती वही दाखवलीत, बोट फिरवत फिरवत. "बघ शेवंता, ज्या मुली पहाटे दळतात त्या गणितात नापास होतात. झोप येते गं त्यांना वर्गात. डोकं कमी नाहीये कुणाचं."

मी म्हनलं, "बाई, मी बी दळते. मी कुठं नापास झाले?"

आठवीत मी दुसरी आल्ते. लई तोरा हुता मला. तुमी माझ्याकडं बगत ऱ्हायलात आन् म्हनलात, "तू झोपतेस कधी मग?" मी आनखी येक इचारलं, "बाई, वहीत लिवून काय हुनार?" तुमी वही मिटली. "माहीत नाही मला," म्हनलात. मास्तर मानूस असं म्हनतंय ह्ये मी पयल्यांदाच ऐकलं. मला माहीत न्हाई, असं. घरी आईला सांगितलं तर आई म्हनली, येडीच हाय मग तुमची बाई.

नववीची पुस्तकं आनली आन् ज्येष्ठात माझं लगीन लागलं. तुमी बाला समजवाया घरी आल्ता. बा म्हनला, "बाई, ठिकान चांगलं हाय. घरची विहीर हाय त्यांची." ती विहीर बी आटली बाई. माझ्या लग्नाला दोन वरसं व्हायच्या आत तिच्यात बघितलं तर तळाची दगडं दिसत्यात. सासरी माझं नाव बदललं, लक्ष्मी ठिवलं. माहेर सोडलं तर शेवंता म्हनून हाक मारनारी दोनच मानसं उरली, तुमी आन् तारा. आता येकटी तारा.

पर शाळंच्या हजेरीत शेवंता तशीच हुती. तुमी नाव कमी केलं न्हाई. मी वस्तीवर शेन गोळा करत हुते आन् तिकडं नववीच्या हजेरीत मी हजर. मला ह्ये तारानं सांगितलं. हेडमास्तरांचा हुकूमच हुता म्हनं की पट राखा, पोरींची संख्या घसरली तर शाळंला बाईची जागा ऱ्हानार न्हाई, आन् बाई न्हाई म्हनल्यावर उरल्यासुरल्या पोरी बी घरचे काडून न्हेनार. तुमी त्यो हुकूम पाळला. पर तुमी निसता हुकूम म्हून पाळला न्हाई, त्ये मला ठावं हाय. तुमाला वाटायचं नाव हाय तवर पोरगी परत येती.

पयल्या साली मी खुदूखुदू हासले. मग वरीस सरलं आन् कळलं, मला नापास केलंय. बाई, त्याचा मला लई राग आला. बाजारच्या दिवशी तुमी भाजी घेत हुता, मी तुमाला गाठलं, आठवतंय का? माझं पोट पुढं आल्तं, चिमीच्या येळचं.

म्हनलं, "बाई, मी शाळंत न्हाई तरी हजर लिवलं, त्ये मी हासून सोडलं. पर नापास का लिवलं? मी परीक्षेला बसले असते तर नापास झाले असते का?"

तुमी म्हनलात, "नसतीस झाली. पण पास लिहिलं तर दहावीत जाशील. तो वर्ग दुसऱ्या सरांचा. ते नाव कापतील. माझ्या हजेरीत राहायचं तर नववीतच राहायला हवं."

"म्हंजी मी जलमभर नववीत?"

"परत येशील तेव्हा काढीन की वर."

"मी कशी यीन बाई? बगा की माझ्याकडं. आशी यीन व्हय बाकावर बसाया?"

भाजीवाली मधीच म्हनली, "घ्या ना बाई वांगी, कवळी हायेत." तुमी वांगी घेतली. आपलं भांडन तितंच तुटलं. तुमी बरोबर हुता का मी, त्ये ठरलंच न्हाई. मला वाटायचं पुढं कदीतरी निवांत बसून तुमच्याशी ह्याच्यावरनं भांडीन. आता कुनाशी भांडू? आठवीत दुसरी आल्याला मानूस दोन वरसं नववीत, वर नापासाचा शिक्का, आन् एक दिवस खाडा न्हाई. कुनाला सांगितलं तर हासंल.

मग ह्यो दुष्काळ. निम्मी शाळा सरकारी कामाला खडीवर आली. आदी पोरी आल्या, मग बौद्धवाड्यातली पोरं, मग धनगरवस्तीची, मागनं आमच्या शेतकऱ्यांची पन आली, जमीन असलेली. मी आन् तारा, ती बी माझ्यावानी नववीतच ऱ्हायल्याली, आमी एकाच ढिगावर बसायचो. तारा म्हनायची, "बाईंच्या वहीतली समदी नावं हितं गोळा झाल्यात बग. हजेरी बी लागती, खायाला सुकडी बी मिळती. ह्यालाच शाळा म्हना की."

संक्रांतीच्या सुमाराला गंगाराम शिपाई खडीवर आला. म्हनला, "उंद्या तपासनी हाय. सायेब यायचेत. हेडमास्तरांचा हुकूम हाय, पटावरच्या पोरी गोळा करा. बाई पन म्हनल्यात, या." त्यो ह्ये दोन्ही म्हनला बाई. हेडमास्तरांचा हुकूम हाय ह्ये मी माझ्या कानानं ऐकलं. त्ये ध्यानात ठेवा, म्हंजी मला म्हनायचंय, मी त्ये ध्यानात ठेवायला पायजे हुतं.

मला यायचं हुतं. खरं सांगते, नको नको म्हनले तरी मला लई यायचं हुतं. आत्याबाईला सांगितलं, गावात चिमीला लस टोचून आनते. चिमी आठ म्हैन्याची. तिला काखंत मारून पळतच आले. गंगारामच्या बायकूकडं दिली, पान्याच्या खोलीमागं.

तुमच्या खोलीत तुमी माझ्या दोन येन्या घातल्या, तांबड्या रिबिनी. निळा परकर, पांढरा झंपर, कुनाचा हुता कोन जाने, गळ्याला मोठा. मंगळसूत्र दिसत हुतं. आत सारलं तरी दोरा दिसायचा. मग मीच काडलं आन् तुमच्या हातात ठिवलं. तुमी हात मागं घेतला. "अगं, असं काढू नये गं." मी म्हनलं, "तासाभराचा तर परश्न हाय." मीच म्हनलं बाई. तुमी न्हाई. तुमी त्ये तुमच्या रुमालात गुंडाळून पर्समदी ठिवलं. जोडवी निघना गेली म्हून बाकाखाली पाय वढून बसले. तारा कानात म्हनली, "पाय आत घे म्हातारे, सायबाला दिसतील."

सायेब आले. जाडा चष्मा, पायात धुळीनं भरलेलं बूट. त्यांनी भूमिती इचारली. त्रिकोनाच्या तीन कोनांची बेरीज किती. समदी पोरं खाली बगत हुती. माझा हात वर गेला. मी न्हाई केला, आपोआप गेला.

"दोन काटकोन."

"सिद्ध करून दाखव."

फळ्याकडं गेले. खडू हातात घेतला, आन् बाई, दोन वरसं झाली हुती, तरी समदं आलं. त्रिकोन काडला, वरच्या टोकातनं पायाला समांतर रेघ काडली, कोनांना नावं दिली. मी दुष्काळ इसरले, आत्याबाई इसरल्या, समदं. मागं तुमी दाराशी उब्या हुता. मी वळून बगितलं न्हाई तरी मला समजत हुतं तुमी कशा उब्या असाल, बोटात बोटं घालून.

आन् पान्याच्या खोलीमागनं चिमी रडली.

तिला भूक लागली हुती. तिची येळ झाली हुती. तिचा आवाज आला आन् मला पान्हा फुटला. तुमी बाई आई न्हाई झालात, तुमाला कसं सांगू, त्ये आपल्या हातात नसतंय. खडू धरलेला हात वर केला तशी समदा झंपर पुढनं भिजला, पांढरा झंपर. मी फळ्याला आनखी चिकटले. शेवटची ओळ लिवली, हेच सिद्ध करावयाचे होते. तिच्याखाली रेघ मारली. परत मारली. आनखी लिवायला काय नव्हतं तरी मी खडू चालवतच ऱ्हायले.

"बरोबर आहे," सायेब म्हनले. "इकडे तोंड कर."

मी न्हाई केलं. चिमी किंचाळाया लागली. कोनतरी पोरगं फिसकन हासलं. सायेब परत म्हनले, आन् मग मी वळले, हात छातीवर घेऊन वळले. सायेब माझ्याकडं बगून खाली बगाया लागले. रागावले न्हाईत. हळू आवाजात म्हनले, "बाळ किती महिन्यांचं?"

"आठ."

त्यांनी टोपन लावून पेन खिशात ठिवला आन् वर्गाबाहीर गेले. तुमी त्यांच्या मागं मागं गेलात, कायतरी सांगत.

त्या येळंला मी चिमीला पाजत पान्याच्या खोलीमागं बसले हुते, तर हेडमास्तरांनी बोलावलं. मला आन् ताराला. त्यांचं तोंड पिठावानी पांढरं. कारकुनाकडनं कागद लिवून तयार. तुमी सायबांसंगं एस्टीपातूर गेल्या हुता. कागदात असं हुतं की ह्या बाईंनी हेडमास्तरांना न सांगता आपल्या मर्जीनं पटावर खोटी नावं ठिवली, आन् तपासनीच्या दिवशी आमाला फूस लावून आनलं. मला वाचता येतं बाई. तुमीच शिकवलं. मी समदा कागद वाचला.

तारा म्हनली, "सर, ह्ये खोटं हाय. गंगारामनं तुमचा हुकूम सांगितला."

"सही नसंल करायची तर नाव कमी करीन तुझं."

"करा. खडीवर लागती माझी हजेरी." आन् ती गेली. परकर तसाच, येन्या तशाच, गेली.

मग हेडमास्तर माझ्याकडं बगाया लागले. म्हनले, "पोरी, माझ्याकडं आठ मास्तर हायेत, शाळंची मान्यता जाईल. बाईंचं काय, त्यांना नगरला दुसरी शाळा मिळंल." मग त्यांची नजर माझ्या गळ्यावर गेली. "तुझं मंगळसूत्र कुठाय?"

बाई, मी झंपराचा गळा मुठीत धरला.

"तुझ्या सासऱ्याला बोलावून घेऊ का? तेच इचारतील."

म्यां सही केली. शेवंता म्हातारदेव. दुसरं काय सांगू, केली. घरी कळलं असतं तर मला चिमीसकट माघारी धाडलं असतं, आन् माघारी तरी कुठं, बा बी खडीवरच हाय. ह्ये मी कारन म्हून सांगत न्हाई. तारालाबी घर हुतंच की. हेडमास्तर म्हनले, "शानी हायेस. तुझं नाव ऱ्हाऊ दे पटावर. कदी दाखला लागला तर ये."

लुगडं नेसून मी शेताशेतातनं पळत वस्तीवर आले. आन् तितं आल्यावर गळ्याला हात लावला. मोकळा. तुमच्या पर्समदी ऱ्हायलं.

पदर गळ्याभवती घट्ट आवळून बसले. आत्याबाई म्हनल्या, "थंडी वाजती का काय तुला भर दुपारची?" म्हनलं, अंग मोडून आलंय. आमच्याकडं त्या दोन घटका कशा गेल्या त्ये मलाच ठावं. आन् मग तुमी दिसलात. बांधावरनं चालत, छत्री उन्हासाठी, चपला धुळीत. दोन मैल चालत आल्ता. आत्याबाईनी घोंगडी टाकली. त्यांनी तुमाला आदीच इचारलं, तुमी कोन, कशाला आलात, आता शाळंला आमच्या लक्ष्मीचं काय काम पडलं?

तुमी म्हनलात, "संक्रांतीचं वाण द्यायला आलेय. माझी विद्यार्थिनी आहे ना."

आन् पर्समदनं ही वही काडली, तिच्यावर तिळगुळाची पुडी. आत्याबाई म्हनल्या, "अगं बया, वान म्हून वही? फनी तरी आनायची, आरसा तरी." तुमी म्हनलात, "पुढच्या वर्षी आणीन." मग त्या म्हनल्या, "बाई, तुमी लगीन न्हाई केलं?" तुमी म्हनलात, "वेळच मिळाला नाही हो आत्याबाई. तपासण्या फार असतात." आत्याबाई पदर तोंडाला लावून हासल्या. आमच्या आत्याबाई, ज्या हासत न्हाईत.

पुडी माझ्या हातात देताना तुमी ती सोडली न्हाई लगीच. दाबून धरली. मला कळलं. चुलीकडं जाऊन सोडली, तिळगुळात मंगळसूत्र. तीळ चिकटल्याले. मी पाठ फिरवून घातलं. ते तीळ दोन दिवस टोचत हुते.

तवा सांगायचं हुतं. तुमी निघालात, मी पोचवाया बांधापातूर आले, आत्याबाई दारातनं बगत हुत्या. तुमाला त्या कागदाची गोष्ट माहीत नव्हती. तुमी म्हनलात, "त्रिकोण अगदी बरोबर सोडवलास." माझ्या तोंडापातूर आल्तं. बाई, मी सही केली, एवडंच तर म्हनायचं हुतं. चिमी काखंत वळवळाया लागली, आत्याबाईनी हाक मारली, लक्ष्मे, भाकरी कोन टाकनार. आन् तुमी गेलात. तुमच्या छत्रीचं एक काप फाटलं हुतं, त्यातनं ऊन तुमच्या मानंवर पडत हुतं, एवडंच मी बगत ऱ्हायले.

त्याच्यानंतर तुमी दोनदा गंगारामकडनं निरोप धाडला, येऊन जा. मी आले न्हाई. मला वाटलं तुमाला कळलंय आन् तुमी इचारनार. आता वाटतं, कदाचित काय बी इचारनार नव्हता, चिमी कशी हाय एवडंच इचारलं असतं. कसं कळावं?

चैतात खडीवर ताराच म्हनली. ती उशिरा आल्ती. घन हातात घेतला आन् म्हनली, "शेवंता, बाई गेल्या." मला वाटलं बदलीवर. मी म्हनलं, "कुठल्या गावाला?" तारा माझ्याकडं बगत ऱ्हायली. मग मला समजलं. आमी दोघी खाली बसलो. मुकादम वराडला, "ए, बसायला आलाय व्हय?" म्हून आमी उठलो आन् फोडाया लागलो. दुपारी मीच म्हनलं, "माझ्यामुळं गेल्या का गं?" तारा म्हनली, "काविळीनं गेल्या. त्या गावातल्या विहिरीच्या तळाचं पानी पिऊन अर्धं गाव पिवळं झालंय." आन् घन उचलता उचलता म्हनली, "पर शाळा सुटली न्हाई त्ये तुझ्यामुळं."

ती असं बोलती. तुमाला ठावं हाय. तिच्या बोलन्याचा मी राग न्हाई धरला.

काल कामाला सुट्टी हुती. मी सकाळच्या शाळंला गेले. आत्याबाईला ह्या बारीला काय सांगितलं न्हाई, निसती चिमीला उचलून गेले, मागनं हाका मारत ऱ्हायल्या. हेडमास्तरांच्या खोलीत गेले. म्हनलं, "सर, माझा कागद मला माघारी द्या. त्ये खोटं हाय. मी दुसरं लिवून देते, खरं."

त्यांनी मला बसा म्हनलं. कदी म्हनलं नव्हतं. थकल्यावानी दिसत हुते. म्हनले, "पोरी, कागद नगरला गेला. आन् मेलेल्या मानसाची चौकशी बंद होती. आता तुझं खरं लिवल्यालं घेनार कोन?"

"तुमी घ्या."

"मी घेऊन काय करू?"

"शाळा सोडा येक दिवस. बाईंसाठी. पोरांना उबं करा दोन मिनटं."

त्ये खिडकीतनं बाहीर बगाया लागले. बाई, त्यांच्या डोळ्यात पानी हुतं का उन्हानं चमकत हुतं, मला सांगता येत न्हाई. "ठपका तसाच ऱ्हायलाय गं," म्हनले. "ठपका असताना मी सभा घेतली तर उंद्या मलाच इचारतील." त्यांना बी भ्या वाटतं. मला वाटायचं मी येकटीच भित्री.

बाहीर गंगाराम स्टुलावर बसला हुता. त्यो म्हनला, "बाईंना त्यो कागद दाखवला हुता, सुट्टीवर जायच्या आदल्या दिवशी." मी म्हनलं, "काय म्हनल्या?" गंगाराम म्हनला, "लई वेळ बगत हुत्या सहीकडं. मग म्हनल्या, अक्षर चांगलं आलंय पोरीचं."

एवडंच, बाई? आनखी काय म्हनलात न्हाई? गंगारामला मी तीनदा इचारलं. त्यो म्हनला, एवडंच.

मी व्हरांड्यातनं चालले. चालले का वाहात गेले, ठावं न्हाई. नववीच्या वर्गाच्या खिडकीशी आले तर आत हजेरी चालली हुती. नवा मास्तर हाय तुमच्या जागंवर, कवळं पोरगंच, नाकावर घाम. त्याला कुनी ठावं न्हाई, त्यो निसता वाचत चालला हुता. पोरांची नावं झाली. निम्मी गैरहजर. मग पोरींची. ताराचं नाव आलं न्हाई, तितनं पुढं गेला, ते कवाच कमी झालंय. आन् मग त्यो म्हनला,

"शेवंता म्हातारदेव."

मी खिडकीच्या गजाला हात लावून उबी हुते. दोन वरसात हजेरीच्या येळंला पयल्यांदा मी तिथं हुते, बाई. पयल्यांदा खरी हुते. दोन पोरींनी माझ्याकडं वळून बगितलं, ओळखलं असंल.

"शेवंता म्हातारदेव?"

चिमीनं माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र मुठीत धरलं हुतं, वढत हुती. मी तोंड उघडलं, परत मिटलं. ते नाव मी कशाच्या बदल्यात ठिवलंय त्ये मला ठावं हाय, आन् त्याला ओ कशी देऊ?

मास्तरानं वाट बगितली, एवडी वाट त्यानं दुसऱ्या कुनाची न्हाई बगितली. मग मान खाली घालून त्यानं लिवलं. गैरहजर. पुढचं नाव घेतलं.

आत्याबाईंची घागर वाजली, बाई, त्या आल्या. ठेवते आता. मी तितंच हुते, तुमच्या वर्गाच्या खिडकीशी. एवडं तुमच्या निळ्या वहीत कुटंतरी लिवा.